अंथरूण, माळवद आणि एक पक्की खोली

श्रोतेहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला 'तुमची बेडरूम कुठली?' असं विचारून पाहा. तो आधी हसेल. मग म्हणेल, 'बेडरूम कशाची आली? उन्हाळ्यात माळवदावर, पावसाळ्यात ओसरीवर आणि थंडीत आत चुलीजवळ.' या एका उत्तरात आपल्या भागातल्या झोपण्याच्या जागेचा बराचसा इतिहास आला. आमच्याकडे झोपायची खोली नव्हती, अंथरूण होतं. खोली एका जागी असते, अंथरूण माणसाबरोबर फिरतं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं आपण म्हणतो, खोली पाहून असं म्हणत नाही, ते काही उगीच नाही.

आज मात्र प्रत्येक घराला स्वतंत्र निजायची खोली हवी असते. गावातलं घरकुल असो की शहरातला वन बीएचके, लग्न ठरलं की पहिला प्रश्न पडतो तो खोलीचा. पलंग कुठे ठेवायचा, कपाट कुठे, रंग कोणता? प्रश्न घरगुती वाटतात. पण आपल्या जिल्ह्यात निजायच्या खोलीचा प्रश्न एका पहाटे जीवन-मरणाचा ठरला होता. म्हणून आज या साध्या विषयाकडे मी इतिहासाच्या अंगानं पाहणार आहे.

लेण्यातली कोठडी आणि देवीचा पलंग

निजण्यासाठी मुद्दाम केलेली या परिसरातली सर्वांत जुनी जागा पाहायची असेल, तर धाराशिव लेण्यांत जायला हवं. बालाघाटाच्या डोंगरकुशीतली ही लेणी साधारण पाचव्या-सहाव्या शतकापासूनची. आधी बौद्ध आणि पुढे जैन परंपरेशी जोडली गेलेली. मोठ्या विहारात मध्ये खांबांचं प्रशस्त दालन आहे आणि कडेनं लहान लहान कोठड्या. बसायचं, ऐकायचं, चर्चा करायची ती दालनात. पाठ टेकायची ती कोठडीत. चौघांची जागा मोठी आणि एकट्याची लहान, असा तो सरळ हिशेब. लहान घर आखणाऱ्यानं आजही ध्यानात ठेवावा असा.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. राज्यकर्त्यांनी त्यावर आपापले उपाय शोधले. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, पाणीमहाल बांधला गेला. वरून पाणी कोसळतं आणि आत माणूस कोरडा, गारव्यात बसतो. सामान्य माणसाला असा महाल कुठून परवडणार? त्यानं आपला गारवा मातीत शोधला. ते माळवद. त्याकडे येतोच, पण त्याआधी तुळजापूरला जाऊन येऊ.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते. शारदीय नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. नवरात्राआधीच्या निद्रेसाठी देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजण्याचा विधी होतो. बायका गाणी म्हणत हातानं कापूस मोकळा करतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यात आपल्या घरांची रीत दिसते. वर्षभर वापरून दबलेली गादी उसवायची, कापूस पिंजायचा, उन्हात टाकायचा आणि पुन्हा भरायचा. नवी वस्तू आणायच्या आधी असलेली वस्तू मोकळी करायची, हे घर सजवण्याचं आपल्याकडचं पहिलं पाऊल होतं.

माळवदाखालची रात्र

आता माळवद. या भागात दगड मुबलक आणि चांगलं लाकूड महाग. दोन-अडीच फूट रुंदीच्या, कधी त्याहूनही जाड दगडी भिंती मातीत रचायच्या. आत लाकडी खांब आणि तुळया. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. घराचं माप फुटात नव्हे, खणात सांगायचं. तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर दरसाल थोडी माती पसरायची. अशा घरात वैशाखातही दुपारी डोळा लागे आणि माघात ऊब राही. खिडक्या फारशा नसत. चोराचिलटांची भीती होती, दरोड्यांच्या आठवणी ताज्या होत्या. छताला ठेवलेल्या भोकातून उजेडाचा एक कवडसा आत यायचा आणि धूर बाहेर जायचा.

या घरात झोपण्याची वाटणी ठरलेली असे. वाड्यात पुरुषमंडळी आणि पाहुणे ढाळजेत, म्हातारी माणसं ओसरीवर, बायका-मुलं माजघरात. बाळंतिणीला आतली अंधारी खोली, तिथे बाज आणि बाजेखाली शेकाची शेगडी. नव्या जोडप्याला कोठीघराचा कोपरा मिळाला तरी पुष्कळ. धान्याच्या कणगीआड त्यांचा संसार सुरू व्हायचा. घरात खासगी म्हणावी अशी जागा बाईच्या वाट्याला फारच थोडी यायची. माळवदाच्या घराचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

सजावट म्हणाल तर तीही होती. भिंतीत कोनाडा आणि दिवळी, म्हणजे कपाट भिंतीच्या पोटातच. जमिनीवरची एक वीतही अडत नसे. कपड्यांना खुंट्या. भांड्यांची उतरंड एका रेषेत. शेणानं सारवलेली जमीन, चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा हात दिलेली भिंत. सकाळी अंथरुणाच्या वळकट्या करून त्या एका कोपऱ्यात रचल्या आणि वर एखादी ठेवणीतली गोधडी पसरली की झोपायची खोली बसायची होई. माझी आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची. चौकटीत चौकट, कडेला त्रिकोणांची ओळ. त्या वाकळेत घरातल्या तीन पिढ्यांची वस्त्रं असायची. भिंतीवर लावायला आमच्याकडे चित्र नव्हतं. पांघरायला मात्र होतं.

या घराची एक बाजू कुणाच्या ध्यानात येत नव्हती. दरवर्षी थोडी माती चढत गेली आणि पन्नास-साठ वर्षांत छपराचं वजन अफाट झालं. साधा हिशेब करू. दहा बाय दहाची खोली. तिच्यावर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. एका घनफुटाचं वजन ढोबळमानानं पंचेचाळीस किलो धरलं तर नऊ हजार किलो, म्हणजे नऊ टन. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर नऊ टन! भिंती जाड, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा आणि मध्ये दगडगोटे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच असे. जाडीला आम्ही मजबुती समजत होतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, माकणी अशी गावं काही सेकंदांत दगडांचे ढीग झाली. सरकारी नोंदींत मृतांचा आकडा आठ हजारांच्या जवळ आहे, इतर काही अहवालांत तो दहा हजारांकडे जातो. हीच तीव्रता दुपारी आली असती तर बरीच माणसं शेतात असती. ती आली ती झोपेत. या भूकंपानं माणसं गाठली ती अंथरुणावर.

त्या विनाशात तज्ज्ञांना आणि गावकऱ्यांना काही गोष्टी दिसल्या. त्या आपण विसरता कामा नयेत. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. गवताच्या, कुडाच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसं तुलनेनं अधिक वाचली. ज्याची भिंत जाड आणि माळवद भारी त्याची इभ्रत मोठी, असं ज्या गावांत मानलं जाई, त्याच गावांत हलकं छप्पर माणसाला तारून गेलं. भूकंपाच्या नकाशात तेव्हा हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते, तरीही. पुढे २००२ साली नकाशा सुधारला, पहिला विभागच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

अडीचशे चौरस फूट

त्यानंतर उभं राहिलं ते जागतिक बँकेच्या मदतीनं राबवलेलं महाराष्ट्राचं भूकंप पुनर्वसन. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरांवर जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. गावाच्या इतिहासात प्रथमच घर खणात न मोजता चौरस फुटांत मोजलं गेलं. भावकीच्या गल्ल्या गेल्या आणि सरळ रुंद रस्ते, एकसारख्या घरांच्या ओळी आल्या.

या घरांत निजायची कशी? अडीचशे चौरस फूट म्हणजे दहा बाय पंचवीस. लग्नात आलेला साडेसहा बाय पाचचा पलंग मांडला की घराचा आठवा हिस्सा संपला. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या आल्या की माणसांनी कुठे पडायचं? सिमेंटच्या भिंतीत दिवळी नाही, कोनाडा नाही. पूर्वी भिंतीच्या पोटात राहणारं सामान आता जमिनीवर आलं. स्लॅबनं दिवसभर प्यालेलं ऊन रात्री बाहेर पडू लागलं. औसा तालुक्यातल्या गुबाळला तर घुमटाच्या आकाराची घरं मिळाली. गोल भिंतीला चौकोनी कपाट टेकवायचं कसं, हा तिथल्या बायाबापड्यांपुढचा रोजचा प्रश्न झाला.

लोकांनी मग आपलं घर आपणच पुन्हा आखलं. पुढे पत्र्याची पडवी काढली आणि तिला जुनं नाव दिलं, ओसरी. चूल बाहेर नेली, म्हणजे आतली जागा निजायला मोकळी झाली. मोरी-संडासाच्या जागेत कितीतरी ठिकाणी सरपण आणि पोती गेली. लुगड्याचा पडदा लावून एका खोलीच्या दोन झाल्या. मी त्या भागात फिरलो तेव्हा एका आजींनी मला त्यांचं घर दाखवलं. खोलीत पलंग होता, पण झोपायच्या त्या दाराशी, जमिनीवर. म्हणाल्या, 'बाबा, पलंग पाव्हण्याला. मला दार जवळ पाहिजे.' कितीतरी माणसं भूकंपानंतर वर्षानुवर्षं छताखाली झोपायला धजत नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा सोसला, पण दगडाखाली गेली नाहीत. घर पक्कं आहे हे अभियंता एका दिवसात सांगू शकतो, झोपेला ते पटायला फार वेळ लागतो.

आणखी एक प्रकरण मला या इतिहासात फार महत्त्वाचं वाटतं. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्याच जागी करायचं ठरलं. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपयांची मदत होती. भिंतीत आरपार दगड घाला, माळवदावरची जादा माती उतरवा, पट्टे टाकून भिंती बांधून घ्या, असं सांगितलं जाई. लोकांशी बोलायला गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून स्त्रिया नेमल्या होत्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्या कामात होती. पण बहुसंख्य कुटुंबांनी त्या पैशात जुनं घर बळकट केलं नाही. त्यांनी जुन्या घराशेजारी एक नवी पक्की खोली बांधली. जुन्या माळवदाची भीती गेली नव्हती आणि नवं पूर्ण घर परवडत नव्हतं. मग निदान रात्रीपुरती सुरक्षित जागा असावी, म्हणून ती एक खोली.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यातल्या सामान्य माणसाची खरीखुरी 'बेडरूम' तिथे जन्माला आली. हौसेतून नव्हे, भीतीतून. कामाला, स्वयंपाकाला, धान्याला जुनं माळवद. निजायला सिमेंटची खोली. पुढे थोरल्या मुलाचं लग्न झालं की तीच खोली त्याला मिळाली. तिला गुलाबी किंवा आकाशी रंग आला, पलंग आला, आरशाचं कपाट आलं, दारावर मण्यांचं तोरण आलं. म्हातारी माणसं मात्र पुन्हा माळवदाखाली गेली. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारतो, कारण आजही कितीतरी गावांत अशीच वाटणी आहे. तरुण पक्क्या छताखाली आणि आई-वडील जुन्या मातीखाली.

लहान खोली आखताना

पुढच्या काळात घरकुलं आली. इंदिरा आवास योजनेत किमान २० चौरस मीटरचं घर होतं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ते २५ चौरस मीटर झालं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भूकंपातलं भूमिहीनाचं घर २५० चौरस फुटांचं होतं. म्हणजे त्या अनुभवातून मिळालेली शिकवण आजच्या प्रत्येक घरकुलाला लागू आहे.

तेव्हा लहान घरात निजायची खोली आखणाऱ्यांना या इतिहासाच्या आधारानं चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, अंथरुणाच्या डोक्यावर काय आहे ते आधी पाहा. उशाशी पोटमाळा, भांड्यांनी भरलेली फळी, काचेची मोठी तसबीर नको. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीनं जखडून ठेवा. ते पलंगावर आडवं पडेल अशा जागी ठेवू नका. दुसरी, दाराची वाट मोकळी ठेवा. त्या आजींचा नियम सोपा आहे आणि खराही. म्हातारी माणसं आणि लेकरं दाराच्या बाजूला झोपावीत.

तिसरी गोष्ट जागेची. पूर्वी दिवसा खोली मोकळी व्हायची, ती सोय पुन्हा आणता येते. पलंगाऐवजी खाली कप्पा असलेला दिवाण घ्या, नाहीतर घडीची खाट. नवी भिंत बांधताना गवंड्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे लहानसे कोनाडे तो विचारपूर्वक ठेवील. बांधून झालेली भिंत मात्र फोडायची नाही. स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला तर खोलीतला उकाडा कमी होतो, खर्चही फार नाही. समोरासमोर दोन खिडक्या असल्या तर रात्रीचा वारा आरपार जातो. आतले रंग फिके असले की लहान खोली कोंदट वाटत नाही. एखादी जुनी वाकळ भिंतीवर लावा. बाजारातल्या चित्रापेक्षा ती शोभून दिसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरातल्या बाईला विचारा. पुनर्वसनाच्या काळात अनेक घरांचे आराखडे आधी ठरले आणि राहणारणीला मग कळले. चूल कुठे, पडदा कुठे, मुलीनं अभ्यास कुठे करायचा, सुनेनं कपडे कुठे बदलायचे, हे तिलाच ठाऊक असतं. दहा बाय दहाच्या खोलीतही दाराला आतून कडी असणं आणि ती लावायचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला असणं, ही माझ्या दृष्टीनं मोठी सजावट आहे.

आणि ज्यांच्या घरावर अजून माळवद आहे, त्यांनी या उन्हाळ्यात एक काम जरूर करावं. जाणत्या गवंड्याला घेऊन वर चढावं, मातीचा थर मोजावा आणि जादा माती उतरवून घ्यावी. गळती थांबवायला मातीच्या थराखाली प्लास्टिकचा जाड कागद टाकता येतो. भिंतींत आरपार दगड घालून घ्यावेत. आजोबांनी चढवलेली माती नातवानं उतरवली म्हणून आजोबांचा अपमान होत नाही. त्या माळवदाखाली अजूनही कुणाची तरी आई झोपलेली असते.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)